खडकावरचं जेवण

विनायकच्या बायकोचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. दुपारचे दोन वाजून गेले होते. सिडनीतल्या लॉकडाऊनचा तिसरा महिना, घरूनच काम, त्यामुळे जेवणाला वेळकाळ उरला नव्हता. "माधव, विनायक गेला. दहा मिनिटं झाली," ती म्हणाली. मी "कसा... अगं पण काल तर..." असं काहीतरी पुटपुटायला लागलो, तर तिनं मला थांबवलं. "व्हेंटिलेटरवर घ्यायच्या आधी त्यानं बजावून ठेवलं होतं. माध्याला लगेच सांग, म्हणाला. जेवत असला तरी सांग." हातातला घास मी परत ताटात ठेवला. माझी बायको समोरून विचारत होती, काय झालं, काय झालं...

त्याला आता सहा आठवडे झाले. विनायकवर लिहायचं म्हणजे त्याच्या हुशारीवर, त्याच्या विक्षिप्तपणावर लिहावं, लोकांना हसवावं, असं मीच आधी ठरवलं होतं. पॅरामॅटातल्या सरकारी ऑफिसात आम्ही चौदा वर्षं शेजारी बसलो. दर महिन्या-दोन महिन्याला हा मला सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्सच्या डोंगरांत फरफटत न्यायचा. गाइड घ्यायचा नाही म्हणजे नाही. "गाइडबरोबर डोंगर बघायचा म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास खायचा," असं त्याचं म्हणणं. मग स्वतःच नकाशे धुंडाळून एक कागद तयार करायचा. कुठे पायऱ्या, कुठे ओढा ओलांडायचा, किती वाजता कुठे पोचायचं, सगळं बारीक अक्षरात, मराठीत. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवायचा. मी त्याला "आला बघा शाळेच्या सहलीचा मास्तर" म्हणून चिडवायचो. तोही मुकाट ऐकून घ्यायचा आणि बरोबर ठरल्या मिनिटाला मला पाणी प्यायला थांबवायचा.

पण हसवायला बसलो की मला एप्रिलमधला तो एक दिवसच आठवतो. तेव्हा इथं सगळं उघडं होतं आणि पुण्यात हाहाकार चालला होता. विनायकची आई तिथं हॉस्पिटलमध्ये होती. धाकटा भाऊ शिरीष रात्रंदिवस हॉस्पिटलबाहेर. तेव्हा ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागायची. ती विनायकनं दोनदा मागितली, दोनदा नाकारली गेली. तिसरा अर्ज करून तो वाट बघत होता. त्याची झोप गेली होती, डोळे खोल गेले होते. शिरीषला त्याचं एकच सांगणं होतं, "मला येता आलं नाही तर निदान व्हिडिओवर तरी दाखव. मला शेवटचं बघू दे." हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. तरी त्याला जरा बरं वाटावं म्हणून ह्या वेळी मीच मागे लागून त्याला डोंगरात नेलं.

नऊ वाजता आम्ही कड्यावर उभे होतो. खाली दरी, धुक्यानं भरलेली. विनायक खडकावर हात फिरवत म्हणाला, "आपला सह्याद्रीचा कातळ कसा, हातोडी मारली तरी दाद देत नाही. हा बघ, नखानं खरवडला तरी वाळू येते. पाण्याला काय, वेळच वेळ..." तेवढ्यात माझ्या फोनवर शिरीषचा मेसेज आला. 'आई पहाटे गेली. सातला नेणार आहेत. दादाला लगेच सांगू नकोस. दोन घास पोटात जाऊ देत, मग सांग.'

आमच्याकडे उपाशी माणसाला अशी बातमी सांगत नाहीत. माझे वडील गेले तेव्हा मामानं मलाही आधी वरणभात खायला लावला होता. तेव्हा मला त्यात माया दिसली होती. विनायक घरून फक्त चहा पिऊन निघाला होता. पुण्यातले सात म्हणजे आमचे साडेअकरा. अडीच तास हातात होते. मी फोन खिशात टाकला आणि त्याच्यामागून पायऱ्या उतरायला लागलो. काय अक्कल चालवली मी!

पाण्यानं कापून काढलेल्या त्या घळीत दोन्ही बाजूंना पिवळे, तांबूस कडे, मधे हात पसरण्याएवढीच जागा, वरून नेच्यांवरून टपटपणारं पाणी. महिन्याभरात पहिल्यांदा विनायक शीळ घालत होता. मी मागून नुसता घड्याळ बघत होतो. घळ संपून दरी रुंद होते तिथं एक मोठा सपाट खडक आहे. त्यावर पोचल्याबरोबर त्यानं फोन काढला. "इथं रेंज येते. शिरीषला लावतो." सव्वाअकरा झाले होते. मी त्याचा हात धरला. "अरे, पुण्यात पावणेसात वाजलेत. तो बिचारा आत्ता कुठे पडला असेल. आधी जेवू, मग कर."

त्यानं माझं ऐकलं. फोन खडकावर ठेवला. दशम्या काढल्या, स्टीलच्या डबीतली लसणाची चटणी काढली. आईनं दिलेली, दीड वर्षं फ्रीझरमध्ये जपून ठेवलेली. मला चिमूटभर वाढली, स्वतः चिमूटभर घेतली आणि झाकण लावलं. "उरलेली पुरवायचीय रे, ती बरी होऊन नवी करेपर्यंत." मी मान हलवली. दशमी चावत त्याच्यासमोर बसून मी मान हलवली! साडेअकरा तिथंच वाजले. जेवण झाल्यावर तरी सांगायचं, तर पुढे दोन तासांचा ओला, निसरडा चढ होता. वर गेल्यावर सांगू, म्हटलं.

कार पार्कमध्ये सांगितलं. त्यानं विचारलं, "किती वाजता नेलं?" मी सांगितलं. त्यानं माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. मग म्हणाला, "तेव्हा आपण जेवत होतो." बस. गळ्यातलं पाकीट काढून त्यानं मागच्या सीटवर टाकलं.

त्यानंतर आम्ही भेटलो नाही. मी फोन करायचो, सुजाता उचलायची. मग लॉकडाऊन आला. मी केलीव्हिलमध्ये, तो पॅरामॅटात, आणि घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी. जुलैत एकदा त्यानंच फोन केला. "माध्या, तू मुद्दाम केलं नाहीस, कळतं मला. शिरीषचाही राग गेला माझा. पण तुझा अजून जात नाही. तू माझ्यासमोर होतास रे... थोडा वेळ दे मला." मी म्हटलं, "घे की. किती हवा तेवढा घे." महिनाभरानं त्याला कोविड झाला.

अंत्यविधीला दहाच माणसं चालणार होती. सुजातानं मला लिंक पाठवली, म्हणाली, तीही त्यानंच सांगितली होती पाठवायला. मी लॅपटॉपसमोर आंघोळ करून, उपाशी बसलो आणि सगळं शेवटपर्यंत बघितलं. त्यानं मला ते बघू दिलं. मी त्याला दिलं नव्हतं. ही माफी होती की मी काय केलं ते मला नीट कळावं म्हणून दिलेली शिक्षा, हे आता कोणाला विचारू? विन्या, अरे, शिव्या तरी घालायच्या होत्यास...

परवा गाडी साफ करताना मागच्या सीटखाली ते प्लॅस्टिकचं पाकीट सापडलं. दोन्ही बाजूंनी भरलेला कागद, एका कोपऱ्यात चटणीच्या तेलाचा डाग. दिवसभर तो माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या गळ्यात लटकत होता, आणि मी एकदाही वाचला नव्हता. नऊ वाजता कडा. दहाला ओढा, दगड निसरडे, माध्याला हात देणे. आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित केलेलं: 'सव्वाअकरा. सपाट खडक, रेंज येते. आधी आईची चौकशी. मग जेवण.'