घट्ट पाणी

मी आयुष्यात सगळ्यात जास्त देणं कुणाचं लागत असेन, तर माझ्या आक्काचं, म्हणजे मोठ्या बहिणीचं. सातवीनंतर तिनं शाळा सोडली आणि आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली, म्हणून मला धरणगावच्या शाळेत आणि पुढे धुळ्याच्या कॉलेजात शिकता आलं. घरातला पहिला पदवीधर मी, पण ती पदवी माझ्या एकट्याची आहे असं मला कधी वाटलं नाही.

मी बारावीची परीक्षा देऊन घरी होतो, त्या वर्षी आक्का आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेली लेक येणार म्हणजे येणारच. निंबाला झोके बांधतात, खापरावर पुरणपोळ्या होतात, आमरस होतो. रस पातळ झाला तर लेकीचा मान राखला नाही, असं बाया बोलतात. आक्काच्या कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी होती. शिंदखेड्याकडून बस बदलत ती भर उन्हात आली होती.

सणाच्या दुसऱ्या दिवशी मुलीला जुलाब लागले. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं मीठ-साखरेची पुडी दिली आणि सांगितलं, "लिटरभर पाण्यात कालवा, थोडं थोडं पाजत राहा." ती गेल्यावर आईनं पुडी एका ग्लासात रिकामी केली.

आक्का म्हणाली, "माय, ताई तं लिटरभर म्हणे."

"लिटरभर पानी एवढंसं लेकरू कधी पी? घट्ट ऱ्हाई तं ताकद येई. मन्ही नात शे, तिले पातय पानी कशाले देवानं?"

वर आईनं चमचाभर साखरही घातली. पातळ पाणी परक्याच्या लेकराला द्यावं, आपल्या नातीला नाही, एवढीच तिची समज. घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

मुलगी ते पाणी अधाशासारखी प्यायची आणि लगेच पुन्हा ग्लासाकडे हात करायची. "देख, कशी गोडी लागनी तिले!" आई म्हणायची. जुलाब वाढत गेले. एक पुडी संपली की दुसरी, तीही ग्लासातच. मग मुलगी रडायची तेव्हा गाल कोरडेच राहू लागले. टाळू खोल गेली. जळगावच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांना शीर सापडेना. दुपारी ती गेली.

सासरी सगळा दोष आक्काच्या माथी आला. सासूबाई माणसांदेखत म्हणाल्या, "आखाजीना झोका खेयाले गयी, अन् ऊनमा पोर गमाडी उनी." उन्हात नेऊन पोर गमावली, हे आक्कानं खरं मानलं. त्यानंतर ती आखाजीला आली नाही. आई मात्र झोका बांधायला लावायची आणि संध्याकाळी तो तसाच सोडून घ्यायची.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. प्रॅक्टिकलला मॅडमनी जांभळ्या पानाची पातळ साल काचपट्टीवर ठेवून तिच्यावर साखरेचं घट्ट द्रावण सोडायला सांगितलं.

"मॅडम, पाक तयार आहे, गुलाबजाम कधी?" मागून एकजण बोलला. सगळे हसले.

मी सूक्ष्मदर्शकातून बघत होतो. पेशी जांभळ्या रंगानं काठोकाठ भरलेल्या होत्या. बघता बघता रंग कडांपासून सुटला आणि आत आक्रसत गेला.

"बाहेर साखर जास्त, म्हणून आतलं पाणी बाहेर निघालं," मॅडम म्हणाल्या. "आता साधं पाणी सोडा."

पाणी सोडल्यावर काही पेशी पुन्हा भरल्या. काही तशाच राहिल्या.

तास संपल्यावर मी थांबलो आणि माणसाच्या आतड्यातही असंच होतं का, ते विचारलं.

"तिथंही पाणी असंच ओढलं जातं," मॅडम म्हणाल्या. "फार घट्ट, गोड पाणी पोटात गेलं तर अंगातलं पाणी आतड्यात उतरतं. जुलाब वाढतात, तहानही वाढते. का रे? कुणाला दिलं होतं?"

मी सांगितलं. त्या पुसलेलीच काचपट्टी पुन्हा पुसत राहिल्या.

"त्यानंच झालं, असं मी खात्रीनं नाही सांगू शकत. पण बसमधून आणलं म्हणून झालं, असंही कुणी म्हणू नये."

आक्काला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. हे सांगितलं तर तिच्या माथ्यावरचा दोष उतरणार होता आणि आईच्या माथ्यावर जाऊन बसणार होता. न सांगितलं तर येणाऱ्या लेकराची पुडीही ग्लासातच पडली असती. तिच्या घरी फोन सगळ्यांचा, म्हणून मी पत्र लिहिलं. सासूबाईंना वाचता येत नाही आणि दाजी दिवसभर नरडाण्याला कंपनीत असतात.

"प्रिय आक्का,

हे पत्र एकटी असताना वाच.

तू तिला उन्हात आणलंस म्हणून ती गेली, हे मनातून काढून टाक. पुडीचं पाणी घट्ट झालं होतं. घट्ट पाणी अंगातलं पाणी ओढून घेतं, हे मी कॉलेजात डोळ्यांनी पाहिलं. मॅडम म्हणतात, खात्री देता येत नाही. पण मला तेच कारण वाटतं. तू लिटरभर म्हणाली होतीस, ते मला आठवतं.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तिनं मायेनं केलं. तिला सांगायचं की नाही, ते तू ठरव. लेकरू तुझं होतं.

पुडी वाईट नाही, तिला घाबरू नको. एक पुडी, पूर्ण लिटरभर पाणी. चव पातळ लागेल, लागू दे. वर साखर घालू नको. कुणी घाल म्हणालं तरी नको. आई म्हणाली तरी नको.

तुझा भाऊ"