टाचणीनं ड्रिल घेतलं

तिला टाचणी म्हणतात हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे गोंधळ व्हायचा. वय चोपन्न, अंगानं चांगली भरलेली, पण सातव्या वर्षी बापाच्या शिवणाच्या दुकानात तोंडात टाचण्या धरून उभी राहायची, तेव्हा बापानं ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. बापाला सगळे मास्तर म्हणतात. मास्तर म्हणजे कपडे शिवणारे. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरता. पुढे दुकान, मागे घर, आणि घरात ही दोघंच.

मास्तर एक्क्याऐंशीचे. महिन्यापूर्वी न्हाणीघराच्या दारात घसरले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन झालं, खाटेवरून उतरून चार पावलं टाकायला लागले, तशी मंगळवारी इस्पितळातल्या फिजिओबाईंनी टाचणीला बाजूला घेतलं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या भिंतीला धरून चालायचा पक्का दांडा हवा, त्या म्हणाल्या. शुक्रवारी चार वाजता मी स्वतः येऊन बघणार. दांडा असला तर शनिवारी मास्तर घरी. नसला तर गावाबाहेरच्या वृद्धांच्या निवास केंद्रात एक खाट रिकामी आहे, तिकडे.

मास्तर पलीकडे पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. "तिकडे गेलेलं आपलं एकही गिऱ्हाईक परत माप द्यायला आलेलं नाही," एवढंच बोलले आणि त्यांनी कूस बदलली.

टाचणीनं लगेच फोन लावायला घेतले. ओळखीच्या सुताराला फोन केला, तर त्याला पंधरा दिवस मान वर करायला फुरसत नव्हती. दुसऱ्यानं फोनच उचलला नाही. तिसऱ्यानं "बघतो" म्हटलं, आणि हे बघतो म्हणणारे काय बघतात ते आपल्याला माहीत आहे. मग बाईचं डोकं फिरलं. आयुष्यभर कापडाला भोकं पाडून जोडत आले, ती म्हणाली, भिंत म्हणजे जरा जाड कापड. सागाचा गोल दांडा आणि सहा ब्रॅकेट ती वखारीतून स्वतः घेऊन आली. राहिलं होतं ते भोक पाडायचं यंत्र.

आता यात धाकटा भाऊ आला. तो विमा कंपनीत, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाचव्या मजल्यावर. माणूस मनानं चांगला, पण कुठल्याही विषयावर तीन व्हिडिओ बघितले की त्याच्या अंगात तज्ज्ञ येतो. "ताई, तू एकटी जाऊ नकोस, तुला फसवतील," म्हणाला आणि निघाला बरोबर.

हत्यारांच्या दुकानात शिरल्याबरोबर टाचणीचे डोळे विस्फारले. भिंतभर यंत्रं टांगलेली, पिवळी, निळी, लाल, हिरवी, जत्रेत आल्यासारखं वाटलं तिला. दुकानदार जाड चष्म्याचा, सावकाश बोलणारा. प्रश्न टाचणी विचारायची आणि उत्तर तो भावाला द्यायचा. भाऊही मान डोलवायचा, जणू काही दर रविवारी बोगदे खणतो.

"मोठं घ्यायचं," भाऊ म्हणाला. "एकदाच घ्यायचं आणि दणकट घ्यायचं." आणि त्यानं सगळ्यांत थोराड ड्रिल तिच्या हातात दिलं, खाली विटेएवढी बॅटरी.

टाचणीनं हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे धरला आणि आकडे मोजायला लागली. दुकानदार बघतच राहिला. दुकानात नवी कात्री घेताना मास्तर असंच करायचे, हात लांब करून साठ आकडे. ज्या कात्रीनं हात थरथरला ती परत. मोठ्या ड्रिलनं बाविसाव्या आकड्यालाच मनगट खाली ओढलं. तिचं उजवं मनगट तसंही कात्री चालवून दुखरं.

"परत," टाचणी म्हणाली. "छोटं दाखवा. आणि आता माझ्याकडे बघून बोला, भोकं मी पाडणार आहे."

दुकानदारानं चष्मा पुसला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. मग मात्र माणूस खुलला. दोन ठेंगणी यंत्रं त्यानं फळीवर ठेवली, दोन्ही वितीएवढी. एक ड्रिल. त्याच्या तोंडाशी जबडा, कुठल्याही जाडीची सुई धरणारा (सुई हा टाचणीचा शब्द, दुकानदार बिट म्हणत होता). मागे आकड्यांची कडी; कमी आकड्यावर ठेवलं तर स्क्रू बसला की यंत्र आपोआप सुटतं, लाकूड फाटत नाही. कडी हातोडीच्या खुणेवर फिरवली की फिरता फिरता ठोकतं सुद्धा, म्हणजे विटेच्या भिंतीला चालतं. दुसरा इम्पॅक्ट ड्रायव्हर, त्याहून बुटका. तो भिंतीत भोक पाडायला नाही, स्क्रू बसवायला आणि काढायला. स्क्रू अडला की आतून कडकड कडकड फटके देतो आणि घुसवतोच.

"मग भोकही त्यानंच पाडू की, छोटा आहे, जोरही आहे," भाऊ म्हणाला.

"विटेत नाही चालणार साहेब. हा फटके मारतो ते पिळण्याच्या दिशेनं. विटेला समोरून ठोकावं लागतं." आणि दुकानदारानं टाचणीच्या हातात ड्रायव्हर देऊन पुढ्यात एक लाकडी ठोकळा सरकवला. "बटण हळू दाबा. शिलाई मशीनच्या पायडलसारखं आहे, जेवढं दाबाल तेवढं धावेल."

हे ऐकल्यावर टाचणीला वेगळं काही शिकायचं राहिलंच नाही. तिनं स्क्रू ठेवला, अलगद दाबलं, आणि बोटाएवढा लांब स्क्रू लाकडात असा उतरला की तिला हसू फुटलं. दुसरा बसवला. तिसरा बसवला. गंमत म्हणजे मनगटाला पीळ नाही. मघाशी ठोकळ्यावर चालवून बघताना मोठ्या ड्रिलनं अडल्यावर भावाचा हात कोपरापर्यंत फिरवला होता, त्यानं कबूल केलं नाही तरी सगळ्यांनी बघितलं होतं. हा बुटका आवाज फार करायचा, पण हाताला त्रास देत नव्हता. भाऊ कंटाळून बाहेर जाऊन आला तरी बाई स्क्रू बसवतच होत्या.

"दोन्हींना बॅटरी एकच लागते का?" तिनं शेवटी विचारलं.

"एकाच घरातली भावंडं आहेत. याची काढा, त्याला लावा."

"मग दोन्ही द्या. बॅटऱ्या दोन, छोट्याच. जड असली तर माझं मनगट जाणार आणि मग मलाच दांडा लागणार."

बुधवारी सकाळी घरात जो काही उत्सव झाला तो विचारू नका. आधी मापाचा प्रश्न होता. फिजिओबाईंनी सांगितलं होतं, हात सैल सोडून उभं राहिल्यावर मनगट जिथे येतं त्या उंचीला दांडा हवा. मास्तर तर इस्पितळात. पण घरच्या माणसाचं माप परत घ्यायचं नसतं, ते वहीत असतं, हा त्या दुकानाचा कायदा. टाचणीनं जाड वही काढली. पहिल्याच पानावर मास्तरांच्या स्वतःच्या अक्षरात, त्यांनी स्वतःसाठी शिवलेल्या लांब कोटाचं माप: खांद्यापासून जमिनीपर्यंत छप्पन्न, खांद्यापासून मनगटापर्यंत तेवीस. छप्पन्नातून तेवीस गेले, राहिले तेहतीस इंच. तिला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की भावाला फोन करून सांगितलं.

शिंप्याच्या खडूनं भिंतीवर रेघ मारली. सुईला तीन बोटांवर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे किती खोल जायचं ते कळावं. कडी हातोडीच्या खुणेवर, दोन्ही पाय घट्ट, आणि दाबलं बटण. विटेचा लाल भुगा भुरभुर गळायला लागला. सहा ब्रॅकेटना तीन-तीन अशी अठरा भोकं. भोकात प्लॅस्टिकची गिट्टी, गिट्टीत स्क्रू, आणि बुटक्यानं कडकड करून सगळे आवळून टाकले. दुपारच्या चहाच्या आत दांडा भिंतीला. टाचणी त्याला लोंबकळली. दांडा हलला नाही. मग बाई थांबतात होय? डुगडुगणारं कपाट, न्हाणीघराची कडी, दोऱ्यांची फळी, दिसेल ते पक्कं करत सुटली. फक्त मास्तरांच्या कापायच्या टेबलाचा डुगडुगता पाय तेवढा राहिला, कारण त्या टेबलाला हात लावायचा नाही अशी तीस वर्षांची ताकीद होती.

गुरुवारी ती इस्पितळात गेली ती तरंगतच. घरी येताना घालायला मास्तरांची राखाडी पँट नेली होती, चार वर्षांपूर्वी तिनंच वहीतल्या मापानं शिवलेली. घालून बघा म्हणाली. नर्सच्या आधारानं मास्तर उभे राहिले, आणि टाचणीची नजर पायांवर गेली.

पँट बुटांवर लोळत होती. एक घडी नाही, दोन घड्या.

शिवणाऱ्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. पर्समध्ये टेप असतोच. तिनं खांद्याला लावला आणि गुडघ्यावर बसून जमिनीपर्यंत सोडला. त्रेपन्न. परत लावला. त्रेपन्नच. मनगटापर्यंतचे तेवीस तसेच्या तसे. माणसाचे हात आखडत नाहीत, पाठ वाकते, गुडघे वाकतात.

"काय झालं गं टाचणे?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. पँट थोडी आखूड करायला हवी," ती म्हणाली. घरी येताना तिला रडू आलं, रस्त्यात, भर गर्दीत. तीन इंचांचं नव्हे, दांडा तर काय, खाली घेता येतो. रोज सकाळी समोर चहा घेऊन बसणारा बाप तीन इंचांनी वाकला, आणि सगळ्या गावाचा पायजमा अर्ध्या इंचानं चुकला तर ओळखणाऱ्या बाईला कळलं नाही, याचं.

बरं, रडून होईपर्यंत घर आलं. शुक्रवारी सकाळी आठला तिनं भावाला बोलावून घेतलं. "व्हिडिओ घरी ठेवून ये," सांगितलं. बिचारा ऑफिसात रजा टाकून पोचेपर्यंत दुपार झाली. खरं तर खाट हवी की नको ते निवास केंद्राला संध्याकाळपर्यंत कळवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि ते फोन करणं त्यालाही जड जात होतं. दांडा काढायचा म्हणून तो पेचकस शोधायला लागला, तर बुटक्याला उलटी दिशा दिली आणि अठराच्या अठरा स्क्रू पाच मिनिटांत भावाच्या ओंजळीत. भाऊ थक्क. "हे मला दे ना जरा," म्हणाला. "आधी भुगा झाड," ताई म्हणाली.

नवी रेघ, तीस इंचांवर. नवी भोकं. या वेळी भिंत अडून बसली, खालच्या विटा भलत्याच चिवट निघाल्या. पंधरावं भोक कसंबसं पुरं करून ड्रिल रडत रडत थांबलं. बॅटरी संपली. बुधवारच्या उत्साहात दोन्ही बॅटऱ्या चार्जला लावायच्या राहिल्या, आणि नेमकी वीज गेलेली. साडेतीन वाजले होते. भाऊ दिव्याचं बटण उगाच खालीवर करायला लागला. टाचणीनं मात्र शांतपणे बुटक्याची बॅटरी काढली, तिच्यात अजून जीव होता, ती ड्रिलला लावली, उरलेली तीन भोकं पाडली, परत बुटक्याला लावली आणि स्क्रू आवळायला घेतले. शेवटचा स्क्रू भिंतीला टेकला आणि दारावर थाप पडली.

फिजिओबाई आल्या. दोन्ही हातांनी दांडा धरला आणि सगळं वजन टाकून मागे झुकल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सहाही ब्रॅकेटपाशी. मग टेपनं उंची मोजली, कागदावर लिहिली आणि मान वर केली. "कोणत्या सुतारानं केलं? मला नंबर द्या."

"शिंपिणीनं केलं," भाऊ म्हणाला, आणि इतका छाती काढून म्हणाला की जणू स्वतःच बसवला. मग बाहेर जाऊन त्यानं निवास केंद्राला फोन करून खाट नको म्हणून कळवलं.

शनिवारी मास्तर आले. पलंगापाशी उभे राहिले, हात नुसता खाली सोडला, तर दांडा तळव्यात. ते चालत न्हाणीघरापर्यंत गेले, वळले, परत आले. टाचणी मागे, हात पुढे करून, न धरता. मास्तरांची नजर भिंतीवर गेली. दांड्याच्या वर, तीन-तीनच्या सहा जुड्यांनी, अठरा भोकं.

"हे काय?"

टाचणीला खोटं बोलता आलं असतं. "वहीतलं माप," ती म्हणाली.

मास्तरांनी एक भोक बोटानं चाचपलं. एकदा पाठ सरळ करायचा प्रयत्न केला, थोडी झाली, मग तीही दमली. "वही आण," ते म्हणाले. खुर्चीत बसून त्यांनी पहिलं पान उघडलं. गिऱ्हाइकाचं माप बदललं की जुनं खोडून शेजारी नवं लिहायचं, खाली तारीख टाकायची, हाही त्यांचाच कायदा. स्वतःला मात्र त्यांनी तो कधी लावला नव्हता. छप्पन्नावर एक सरळ रेघ मारली. शेजारी त्रेपन्न लिहिलं. तारीख टाकली.

"दर सहा महिन्यांनी माझं माप घ्यायचं," ते म्हणाले. "मला विचारत बसायचं नाही."

टाचणीनं मान हलवली. भाऊ उगाच खिडकीकडे बघत होता.

मास्तरांनी वही मिटली आणि हात पुढे केला. "आता ते बुटकं यंत्र दाखव. परवापासून फोनवर एवढं कौतुक चाललंय." तिनं ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. त्यांनी हात खांद्याच्या रेषेत पुढे धरला आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजायला लागले. चाळीसपर्यंत पोचले. चाळीसला हात खाली घेतला आणि हसले. "चांगलं आहे. ठेवायचं."

मग खुर्ची कापायच्या टेबलापाशी सरकवायला लावली, टाचणीला डुगडुगता पाय धरायला सांगितलं, आणि तीस वर्षांची ताकीद स्वतःच मोडून पहिला स्क्रू लावला.