वैऱ्याचा तराजू

दिंद्रुडच्या चन्नप्पा किराणावाल्यांची वर्षाराणी जन्माचीच भित्री. लहानपणी पाल दिसली की गुळाच्या ढेपेवर चढून बसायची. मोठेपणी अभ्यासाला विषय घेतला तो मात्र कृष्णविवराचा, जिथून उजेडही माघारी येत नाही.

"आप्पा, अवकाश सलग नसतं. साखरेसारखं दाणेदार असतं," असं तिनं एकदा समजावलं होतं. या शास्त्राला लूप क्वांटम ग्रॅव्हिटी म्हणतात. दाण्यांमुळं कोसळणारा तारा एका हद्दीपलीकडं दबत नाही, उसळतो आणि कधीतरी गिळलेलं सगळं बाहेर टाकतो. कधी, ते वर्षाराणीनं काढलं होतं : आपल्याच काळात, दुर्बिणीला दिसेल असं. उद्या संध्याकाळी नव्या संशोधकांच्या ऑनलाइन सभेत ती ते मांडणार होती. परदेशातली नोकरी त्यावरच ठरणार होती. आणि आज सकाळी एका बुजुर्ग प्राध्यापकांची मेल आली : 'सातव्या पानाबद्दल बोलू.'

त्या पानावरच तिचं सगळं गणित होतं. सातवं पान वाचून वाचून आता त्यावरचा पानाचा आकडासुद्धा चुकीचा वाटायला लागला.

दुकानात चन्नप्पांचीही तीच गत. उद्याच वजनमापाचे साहेब काटे-वजनं तपासून शिक्का मारणार होते. "लई भ्या वाटतंय," म्हणत त्यांनी वजनं पिशवीत भरली आणि ते समोरच्या राजेश्वरच्या दुकानातल्या तराजूवर ताडून बघायला निघाले.

"आप्पा, त्यांच्याशी तर तुमचं बोलणं बंद हाय."

"म्हणून तर. तुजी आई म्हणती वजनं बरोबर हायती. वैरी कशाला उगं म्हनंल?"

वर्षाराणीची वैरीण पुण्यात होती. उज्ज्वला. तोच विषय, त्याच नोकरीला अर्ज. दुपारी वर्षाराणीनं सातवं पान तिला पाठवलं आणि लगेच पस्तावली. शेळीनं लांडग्याला पाठ खाजवायला सांगावं, तसलं हे काम.

उत्तर आलं तेव्हा तिनं मोबाईल पालथा घातला. आई शिवकांतानं मोबाईल बघितला. "इंग्रजी हाय. पण लहान हाय."

लिहिलं होतं : 'समीकरणातलं एक पद दोनदा धरलंयस. बाकी ठीक.'

दुरुस्ती केली आणि ती उसळी इतकी पुढं गेली, की तोवर दुर्बीण राहणार नाही आणि दुर्बीणवालाही. तीन वर्षांची कमाई एका ओळीत गेली.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं सुरुवातच केली, "माझं उत्तर चुकलं होतं." पडद्यावर कुणी हललं नाही. नेट गेलं की नोकरी, तिला कळेना. मग ते बुजुर्ग म्हणाले, "मी हेच विचारणार होतो. कुणी दाखवलं?"

"उज्ज्वलानं."

आपल्या चौकटीत उज्ज्वलानं मान खाली घातली.

चन्नप्पांच्या वजनांवर शिक्का बसला. अर्ध्या किलोचं हलकं होतं, ते राजेश्वरनं आदल्या दिवशीच न बोलता बाजूला काढून ठेवलं होतं. आता रोज सकाळी उदबत्ती लावताना चन्नप्पा विचारतात, "तुजा शिक्का?"

"न्हाई अजून, आप्पा."

आणि मोबाईल वाजला की तिची नजर आधी गुळाच्या ढेपेकडं जाते.