बाबांच्या पानावरचा मासा

आमच्या घरी जिताडा यायचा, पण शिजायचा नाही. बाबा रायगडातल्या खाडीत पाग टाकायचे. पाग म्हणजे कमरेतून गिरकी घेऊन हाताने फेकायचं गोल जाळं. जिताडा लागला की आई तो ओल्या फडक्यात गुंडाळून बाजाराला न्यायची आणि आम्ही निवटे नाहीतर बोईटं असल्या स्वस्त मासळीवर जेवायचो. जिताड्यांवर घराला कौलं चढली, माझी फी भरली गेली. बाबांनी जन्मभर जिताडे पकडले. चव कशी असते विचारलं तर म्हणायचे, "गिऱ्हाईकाला इचार."

मला पागाला हात लावू द्यायचे नाहीत. "हाताला जाळ्याची सवय लागली का पेन सुटंल." पेन सुटलं नाही. घरातला मी पहिला पदवीधर, आणि हे मी मान वर करून सांगतो. त्या पदवीवर नेदरलँड्सला आलो, झुइडास या मोठ्या ऑफिसांच्या भागात नोकरी लागली, जवळच्या उइटहॉर्न गावात घर झालं.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये बाबा गेले. विमानं बंद. चुलत भावाने स्मशानात फोन धरला होता, चित्र मधूनमधून गोठत होतं. ते संपलं तसा मी लॅपटॉप उघडून पुढच्या मीटिंगला बसलो. रडू आलं नाही. बायको म्हणाली, येईल हळूहळू. वर्ष होत आलं तरी आलं नाही.

वर्षश्राद्धालाही जाणं होईना. गेलो तर परत येऊ देतील याची खात्री नव्हती. आई फोनवर म्हणाली, "मग पान तिकडंच वाढ. त्यांना जिताडा ठेव."

"इथे सुपरमार्केटमध्ये तसलाच मासा मिळतो, आई."

"इकतचा? तुझ्या बापाने कधी इकतचा मासा खाल्लाय? तुझ्या हातचा पायजे. तिकडं दर्या नाय काय?"

दर्या होता. हातच नव्हता.

शेजारचे डच आजोबा समुद्रावर झेबार्स पकडायला जायचे. झेबार्स म्हणजे दिसायला जिताड्याचा धाकटा भाऊ. पण त्यांची तऱ्हा वेगळी. गळाला आमिष नाही. आपल्याच कुत्र्याचे केस आणि पिसं बांधून केलेली खोटी मासळी, तिला ते फ्लाय म्हणत. फ्लायला वजन नसतं, वजन असतं दोरीला. दोरी आधी मागे फेकायची, ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे.

हूक व्हॅन हॉलंडजवळ, नदी समुद्राला मिळते तिथल्या दगडी बांधावर आम्ही पहाटे जायला लागलो. ते त्यांच्या गाडीत, मी माझ्या. दीड मीटर सोडून उभे राहायचो. दोरी हातात आली की माझी कंबरच वळायची आणि सगळी दोरी माझ्याच गळ्यात पडायची.

"काय फेकतोयस? पिझ्झा?" आजोबा म्हणाले.

"वडील असंच जाळं टाकायचे. मी नुसतं बघितलंय."

"मग त्यांनाच घेऊन ये. तुझ्यापेक्षा बरं शिकतील."

"ते गेले."

आजोबांनी आपली दोरी गुंडाळून घेतली. मग म्हणाले, "पाय रोव. कंबर त्यांची होती, ती राहू दे. तू फक्त मनगट वापर, आणि मागे थांब."

श्राद्धाच्या दोन दिवस आधी दोरी हिसकली. दगडाजवळ आला तो लांबलचक, चांदीसारखा मासा. अख्खं पान भरलं असतं.

"पाण्याबाहेर काढू नकोस," आजोबा म्हणाले. "हा झेबार्स नाही, सॅल्मन आहे. नदीत चढायला आलाय. याला इथे मारत नाहीत, कायदा आहे."

"परवा श्राद्ध आहे."

"माहितेय मला. तरी हा नाही."

आसपास दुसरं कुणी नव्हतं. मी गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा होतो, दोन्ही हातांत त्याचं पोट. बाबा असते तर फडकं मागितलं असतं. मी गळ काढला आणि हात उघडले. तो गेला. वाईट वाटेल म्हणून थांबलो, तर तेही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून परत गेलो. वारा अंगावर होता. दोरी मागे टाकली, थांबलो, पुढे सोडली. असं करत ऊन वर आलं. मग एक झेबार्स लागला. आजोबांनी दगडावर पट्टी लावून मोजला आणि म्हणाले, "मापात आहे. घरी ने."

आईने व्हिडिओवर बसून सगळं करून घेतलं. "कोकम कमी पडलं. मीठ बघू नको, आधी त्यांचं पान." केळीचं पान भारतीय दुकानातलं, फ्रीझरमधलं, कडा काळ्या पडलेलं. बायकोने भात वाढला, मी मधला तुकडा ठेवला. आई फोनमधून बघत राहिली.

"डोकंबी ठेव," ती म्हणाली. "गिऱ्हाईक डोकंबी न्यायचं."

मी डोकंही ठेवलं.

रडू तेव्हाही आलं नाही. पण बाबांच्या पानावर जिताड्याच्या तोंडवळ्याचा, विकत न घेतलेला मासा होता, आणि तो मी पकडला होता.