केशवभाऊ आणि माझा नवरा

माझी सवत काल वारली.

नाव केशवभाऊ. झुपकेदार मिशा, तोंडात सदा तंबाखू. सकाळी छातीत कळ आली, हॉस्पिटललेही पोहोचले नाहीत.

माझा नवरा प्लांटमधे क्रेन चालवे. हे वर केबिनमधे, केशवभाऊ खाली उभे राहून हातानं इशारे देत. त्या आवाजात बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून दोघांची सारी भाषा हातांची.
घरी माझ्यापाशी मात्र ना हात, ना तोंड. नुसती बाटली.

मग स्कूटर घसरून यायचा, माझ्या नवऱ्याचा, पाय मोडला. अ‍ॅडमिट करताना डॉक्टरनं विचारलं, "दारू घेता?"
सासूबाई पलंगापाशीच बसल्या होत्या. आईसमोर कोण कबूल करते?
"कधीमधी," म्हणाले.

रोजची दारू एकदम बंद झाली. दोन-तीन दिवसांत अंग थरथरायले लागलं, ताप चढला, भिंतीवर माणसं दिसायले लागली. आयसीयूत हलवलं.

डॉक्टरनं मले बाजूले घेतलं. "खरं सांगा, रोज घेतात का?"
मी तोंड उघडायच्या आत केशवभाऊ मागून बोलले, "रोज, साहेब. सकाळपासून."

माझ्या नवऱ्याचं तरी मले सांगू द्यायचं होतं.

इंजेक्शनं सुरू झाली. सलाईन उपटत होते म्हणून हात बांधले. बांधलेल्या हातांनीही हे क्रेनच चालवून राहिले होते.
मी जवळ गेली तर ओरडले, "ओ बाई, क्रेनच्या लोडखाली कावून आल्या? बाहेर व्हा!"

बाई. इतक्या वर्षांची बायको, अन् बाई.

केशवभाऊ पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. हात आडवा धरला. थांबव.
मग तळवा हळूहळू खाली. उतर, शिफ्ट संपली.

अन् हे शांत झाले हो. डोळे मिटून पडले.

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनचा असर आहे. मलेही तेच मानायचं होतं.

हे वाचले. दारू सुटली.
तेव्हापासून संध्याकाळी, तलफ यायची वेळ झाली की केशवभाऊ रुआबांध्याच्या घरून येत अन् यायले फिरायले नेत.
एकदा मी म्हणली, "मीही येऊ का?"
"तू काय करशील? आमच्या गोष्टीनं बोर होशील."
फाटकातून पाहिलं, तर दोघं मुकाट्यानं चालून राहिले होते. जीव जळे माझा. दारू सुटली, पण नवरा काही मले भेटला नाही.

आज संध्याकाळी त्याच वेळी हे चप्पल घालून फाटकापाशी उभे. रस्त्याकडे पाहत. कोणी येणार नव्हतं.
मी मागं दारात. आता यायचे पाय कुठं वळतात, दारूच्या दुकानाकडं?

बऱ्याच वेळानं मागं वळले. म्हणाले, "येतेस का तू?"

इतकी वर्षं हेच तर पाहिजे होतं मले.
असं नव्हतं पाहिजे.

जा केशवभाऊ, सुखानं जा. यायच्यासंग आता मी चालीन.