मुलीच्या घरातली कोरडी खोली

नीलांबरी ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागात एकटीच राहते. ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात ती क्वालिटी इंजिनियर आहे. घटस्फोटानंतर तिने उतारावरचं एक जुनं लाकडी घर घेतलं, तेव्हा पुण्याहून वडिलांनी एवढंच विचारलं होतं, "एकटीला घर कशाला?"

त्याच वडिलांचा, दीनानाथांचा एका दुपारी फोन आला. आई गेल्यापासून ते मुलाकडे, प्रसादकडे राहायचे. सुनेशी बिनसलं होतं. "मला तुझ्याकडे ने गं," म्हणाले आणि रडायला लागले. वडिलांचं रडणं तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

त्यांचे गुडघे गेलेले, जिना चढणं शक्य नव्हतं. घराखाली एक खोली होती. तिचं दार सरळ मागच्या अंगणात उघडायचं, खिडकीतून फिजोआचं, पेरूसारख्या फळाचं झाड दिसायचं. पण जोराचा पाऊस झाला की आत घोट्यापर्यंत पाणी. जमिनीखाली झिरपलेलं पाणी गोळा व्हायला कोपऱ्यात सिमेंटची टाकी पुरलेली होती आणि ते बाहेर फेकायला पंप. नीलांबरीने पंप बदलून पाहिला. तरी तेच.

ब्रायन नावाच्या प्लंबरने टाकीत टॉर्च मारला. "पंप ठीक आहे. टाकीच फुटलीय. झाडाची मुळं शिरलीत, भेगांतून चिखल येतो आणि पंप तुंबतो. जमीन फोडून अख्खी टाकी बदलावी लागेल."

"बदला. माझे बाबा येणार आहेत."

तिने रजा टाकली. ब्रायन काँक्रीट फोडायचा, ती राडारोडा बादल्या भरभरून बाहेर नेऊन टाकायची. नवी प्लास्टिकची टाकी बसली, भोवती खडी भरली, झाकण घट्ट लागलं. पुढच्याच आठवड्यात धो धो पाऊस झाला. ती अनवाणी खाली गेली. फरशी कोरडी ठणठणीत! तिथेच बसून ती एकटीच हसत राहिली.

दीनानाथ आले. तिने हीटर लावला, पलंग खिडकीशी सरकवला, रोज ऑफिसला जाण्याआधी मऊ भात करून ठेवला. ते दिवसभर टीव्ही लावून बसायचे.

एका रविवारी ती चहा घेऊन उतरली. दाराआडून त्यांचा आवाज आला. प्रसादशी फोनवर बोलत होते.

"तळघरात टाकलंय रे मला. अडगळ ठेवतात तिथे. ने बाबा परत."

तिने आत जाऊन कप ठेवला. "बाबा, इथे काही त्रास होतोय का?"

"छे, त्रास कसला," ते म्हणाले. नजर टीव्हीवरून हलली नाही.

प्रसादने तिकीट पाठवलं. एअरपोर्टला जाताना गाडीत दीनानाथ आपणहून बोलले, "तिकडं माझ्या खोलीचं छत गळतं. पावसाळ्यात बादली लावावी लागते. पण मुलाचं घर म्हणजे शेवटी आपलं घर."

"आणि माझं कोणाचं, बाबा?"

ते खिशात पासपोर्ट चाचपत राहिले.

पाडव्याला मराठी मंडळाच्या जेवणात विभावरीताईंनी विचारलं, "बाबांना आवडलं का गं ऑकलंड?"

"खूप आवडलं," नीलांबरी म्हणाली आणि श्रीखंडाची वाटी पुढे केली.