मामांच्या पट्ट्यावरचा परका वस्तरा

शरदमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी आरशासमोर अर्धी दाढी करून उभा होतो. मामेभावाने सांगितलं, झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. उरलेली दाढी कशीबशी उरकली आणि अकोल्याच्या एसटीत बसलो. खरं सांगायचं तर वाटेत दुःखापेक्षा एकच गोष्ट डोक्यात घोळत होती... कबुली द्यायची राहून गेली. अकरा वर्षं मी या माणसाला फसवत आलो होतो.

मामा बार्शीटाकळीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर अकोल्याला आले आणि त्यांना जुने वस्तरे दुरुस्त करायचा नाद लागला. शिंगाच्या मुठीत मिटणारे, दाढीचे, घरोघरी माळ्यावर पडलेले वस्तरे. पार हिवरखेडहून माणसं आजोबांचा गंजका वस्तरा रुमालात गुंडाळून आणायची. मामा तो आधी रॉकेलमध्ये भिजत घालायचे, बारीक पॉलिश पेपरने गंज उतरवायचे, मुठीची सैल झालेली खीळ बदलायचे, मग ओल्या दगडावर धार आणि शेवटी खिडकीच्या गजाला अडकवलेल्या चामडी पट्ट्यावर, पाठ पुढे, धार मागे, असं सावकाश घासत बसायचे. अट एकच, ज्याचा वस्तरा त्याने तिथंच ओसरीत बसून एकदा तरी त्याच वस्तऱ्याने दाढी करायची. कुणी शोकेसमध्ये ठेवतो म्हणालं की म्हणायचे, "मंग फोटो काहाडून ने ना बाप्पा, वस्तरा काहून नेतं?"

त्यांच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा वस्तरा त्यांनी मला दिला, कारण त्यांच्या मुलाने दाढीच राखली होती. देताना एवढंच बजावलं होतं, "धार गेली का माह्याकडं आनजो. चाकावर देऊ नोको. पातं तापते अन् त्याचं पाणी उतरते." पाणी म्हणजे पोलादाचा कसदारपणा. मी मान डोलावली, आणि वर्षभरातच, घरच्या लग्नाच्या गडबडीत, गल्लीत आलेल्या सायकलवाल्या धारवाल्याकडे तो दिला. सुऱ्या-विळ्यांच्या रांगेत आजोबांचा वस्तरा! ठिणग्या उडाल्या, पात्याची कड निळी पडली. त्यानंतर तो एक गालसुद्धा धड करेना. माझ्या अकलेची मीच तारीफ केली आणि वस्तरा कपाटात, स्वेटरांखाली दडवला.

पुढे अचलपूरला एका भंगारच्या दुकानात तसाच काळ्या मुठीचा वस्तरा मिळाला. तोच आजोबांचा म्हणून मामांच्या हातात ठेवला. त्यांनी दोनदा पट्ट्यावर ओढला, क्षणभर थांबले... आणि पुन्हा घासू लागले. "घे, कर दाढी," इतकंच. चोर मन स्वस्थ बसू देत नाही. संशय येऊ नये म्हणून मी दर दीड महिन्याने अकोल्याला जाऊ लागलो. आजोबांच्या वस्तऱ्याला तुमचाच हात लागतो, असं वर म्हणायचोही. ओसरीत दाढी व्हायची, मामा माझ्या हनुवटीखालचे राहिलेले केस दाखवून हसायचे, मग मामींच्या हातची भाकरी, ठेचा आणि संध्याकाळपर्यंत गप्पा. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे घरचं मोठं माणूस म्हणजे काय ते मला त्या रविवारांनी दिलं. आणि दर वेळी परतताना स्वतःची लाज वाटायची.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. मामी एकट्या ओसरीत बसल्या होत्या. मी कपाटातला तो जळका वस्तरा सोबत आणला होता, तो त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मामींनी तो हातात घेतला, उलटा-पालटा केला आणि चक्क हसल्या. इतक्या दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

"त्यायले पयल्याच दिवशी समजलं होतं रे. पट्ट्यावरचा आवाज आयकला अन् मले आत येऊन म्हने, हा माह्या बापाचा नाही."

"मग मला का नाही बोलले?"

"पुढं तू येऊ लागला तवा मी बी तेच म्हनलं. तं म्हने, बोललो तं तो कबूल करंन, माफी मांगंन, अन् मंग कायले येते दर दीड महिन्यानं? चालू दे म्हने."

रडू येत होतं, पण अकरा वर्षांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. मामा फसले नव्हते. माझा खोटेपणा त्यांनी खुशाल चालू दिला होता, मी येत राहावं म्हणून.

निघताना मी खिडकीचा पट्टा मागितला. म्हटलं, आता घरीच घासत जाईन. मामींनी मान हलवली.

"वस्तरे दोनी तुह्याजोळ राहू दे. पट्टा इथंच राहीन. दीड महिन्यानं येजो."